तारेंतील खरखर

रात्रीं बातम्यांच्या वेळीं रेडिओ लावावा आणि नेमकें त्याच क्षणीं शेजारच्या खोलींत कोणी पंख्याचें बटण दाबावें, म्हणजे निवेदकाच्या शब्दांवर एक खरखरीत ओरखडा उमटतो. ऐकणारा क्षणभर कपाळाला आठी घालतो आणि पुढच्या वाक्याबरोबर तें विसरून जातो. परंतु त्या ओरखड्यामागें मोठा इतिहास आहे. जी वीज घरांत दिवा लावते तीच संदेशाच्या आड येते. आणि गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या तारेंतून ही खरखर घरांत शिरते त्याच तारेवरून संदेशहि पाठवावा, ही आकांक्षा माणसानें शंभराहून अधिक वर्षें उराशीं बाळगिली आहे. दिव्याची तार घरोघर पोंचलेली आहे. तर संदेशासाठीं आणखी एक तार ओढण्याचा खर्च कशाला? प्रश्न मोठा साधा दिसतो. पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां कित्येक संशोधकांचीं आयुष्यें आणि कित्येक कंपन्यांचें भांडवल खर्चीं पडलें.

तारेच्या मार्गांत परकी वीज शिरते, याचा पहिला ठळक दाखला तारायंत्राच्या काळांतील आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजीं रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदास सूर्यबिंबावरील डागांच्या एका समूहांत एकाएकीं प्रखर तेज दिसलें. पुरता एक दिवस उलटण्यापूर्वींच पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें. ध्रुवप्रदेशांत दिसणारी प्रभा पार कॅरिबियन बेटांवरून दिसूं लागली, आणि युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें वेडींवांकडीं चालूं लागलीं. अमेरिकेंत बोस्टन व पोर्टलंड या दोन शहरांमधील तारमास्तरांनीं तर एक विलक्षण प्रयोग केला. त्यांनीं आपापल्या बॅटऱ्या सोडविल्या आणि आकाशांतील उत्पातामुळें तारेंत जो प्रवाह उत्पन्न झाला होता, केवळ त्याच्याच बळावर सुमारें दोन तास संभाषण चालविलें. याच वादळाची नोंद मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत चुंबकसूचीच्या वाचनांत झाली होती. आणि जवळजवळ दीडशें वर्षांनीं, २००३ मध्यें, शास्त्रज्ञांनीं त्या वादळाची तीव्रता ठरविली ती कुलाब्याच्या याच नोंदींवरून.

तारायंत्राचा कारभार ठोक्यांचा. लहानसहान धक्क्यांची त्याला दखल नसे. दूरध्वनीचें तसें नव्हतें. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८७६ मध्यें दूरध्वनीचें पेटंट घेतलें, तेव्हां पूर्वीं कोणास ऐकूं न येणारा सूक्ष्म प्रवाहहि कानांस लागला. बेलचा सहकारी टॉमस वॉटसन हा रात्रींच्या शांत वेळीं घरांच्या छपरांवरून नेलेल्या तारेला यंत्र लावून बसे. कोणी बोलत नसतांहि त्याला तडतड आणि पांखरांच्या चिवचिवाटासारखे चमत्कारिक आवाज ऐकूं येत. हा सूर्यावरील स्फोटांचा परिणाम असावा काय, कीं दुसऱ्या एखाद्या ग्रहावरून येणारे संकेत असावेत, असे तर्क तो करीत राही. त्या वेळीं शहरांत विजेचा पसारा नव्हता, म्हणून निसर्गाची खरखर त्याला इतकी निर्भेळ ऐकावयास मिळाली. तो योग पुढें कोणासहि फार दिवस लाभला नाहीं.

कारण दहा वर्षांच्या आंतच शहरोशहरीं विजेचे दिवे आणि विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. पहिल्या दूरध्वनींना एकच तार असे. प्रवाहाची परतीची वाट जमिनींतून जाई. ट्रामचा प्रवाहहि रुळांवाटे जमिनींत पाझरे. परिणामीं दोन गृहस्थांच्या संभाषणांत ट्रामचा गुरगुराट घुसूं लागला. यावरील उपाय बेलनेंच १८८१ च्या पेटंटांत सांगून ठेवला होता. एका तारेऐवजीं दोन तारा घ्याव्या आणि त्या एकमेकींभोंवतीं पिळाव्या. पिळल्यामुळें बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो. ऐकण्याचें यंत्र दोन तारांमधील फरक तेवढाच ऐकतें. सारख्याला सारखें वजा होऊन उपद्रव नाहींसा होतो आणि शब्द शिल्लक राहतात. युक्ति सोपी, पण तारेचा खर्च दुप्पट. कंपन्यांनीं ती नाइलाजानेंच स्वीकारली. घरांतील दिव्याच्या तारा मात्र अशा तोलाच्या नसतात. बटण बसवावयाचें तें दोहोंपैकीं एकाच तारेंत. त्यामुळें दोन्ही वाटा असमान होतात. ही असमानता पुढें फार महागांत पडली.

ट्रामचा हा उपद्रव केवळ बोलणाऱ्यांनाच झाला असें नाहीं. मुंबईंत विजेची ट्राम येणार असें दिसूं लागतांच कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांना चिंता पडली. पृथ्वीच्या चुंबकत्वांतील रेसभर फरक टिपणारी सूची ट्रामच्या प्रवाहापाशीं कशी टिकावी? रुळांतून वाहणारा प्रवाह सूचीला ओढणार, आणि मग पृथ्वी हलली कीं ट्राम गेली हें कळणार कसें? अखेर चुंबकीय वेध खाडीपलीकडे अलिबाग येथें न्यावयाचे ठरलें. तेथें लोखंडाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेण्यांत आले, म्हणजे जुन्या नोंदींचा नव्या नोंदींशीं सांधा जुळावा. आणि १९०७ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धांवूं लागली. मूस यांची दूरदृष्टि नसती तर १८५९ चें वादळ नोंदविणारी ती परंपरा ट्रामच्या खडखडाटांत तुटून गेली असती.

विजेच्या तारेवरून संदेश नेण्याची कल्पना याच सुमारास आकार घेऊं लागली. अमेरिकन लष्कराच्या संदेशविभागांतील जॉर्ज ओवेन स्क्वायर या अधिकाऱ्यानें १९१० मध्यें वॉशिंग्टन येथें एक प्रयोग करून दाखविला. बिनतारी लहरी आकाशांत मोकळ्या सोडण्याऐवजीं त्यानें त्या तारेच्या आधारानें नेल्या. तंबोऱ्याचा खर्ज चालू असतां बांसरीचा तार स्वर त्यांत मिसळून गेला, तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो. त्याप्रमाणें एकाच तारेंत मंद कंपनांचा प्रवाह आणि अतिशीघ्र कंपनांचा संदेश सुखेनैव नांदूं शकतात, हें त्यानें सिद्ध केलें. याच तत्त्वावर विजेच्या तारांवरून घरोघर संगीत पोंचविण्याची योजना १९२२ नंतर अमेरिकेंत निघाली. परंतु बिनतारी रेडिओ इतक्या झपाट्यानें पसरला कीं, तारेवरील रेडिओला घरांत जागाच उरली नाहीं. स्क्वायरनें १९३४ मध्यें, आपल्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं, त्या उद्योगास ‘म्यूझॅक’ हें नांव दिलें. उपाहारगृहें आणि कचेऱ्या यांना पार्श्वसंगीत पुरविण्याच्या धंद्यांत पुढें तें प्रसिद्ध झालें.

खरी गरज विजेच्या कंपन्यांना स्वतःलाच होती. जलविद्युत्केंद्र डोंगरांत आणि वीज वापरणारें शहर कोसोगणती दूर. ‘भार वाढवा’, ‘वाहिनी बंद करा’ असे निरोप क्षणांत पोंचले पाहिजेत. नाहीं तर तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशीं गांठ. विजेच्या खांबांवरूनच दूरध्वनीची वेगळी तार न्यावी, तर शेजारच्या प्रचंड दाबानें तिच्यांत गुरगुराट उत्पन्न होई, आणि वादळांत तीच बारीक तार आधीं तुटे. म्हणून १९२० च्या सुमारास उच्च दाबाच्या जाड वाहिनीवरच संदेश स्वार करण्याची पद्धति सुरू झाली. दिव्याचा प्रवाह सेकंदास ५० वेळां कंप पावतो, तर संदेशाचा प्रवाह हजारों, लाखों वेळां. मोठा कंडेन्सर संदेशाला वाहिनींत शिरूं देतो आणि उच्च दाब बाहेर थोपवितो; तर वाहिनीच्या टोंकाशीं टांगलेलें तारेचें पिंपासारखें वेटोळें विजेला जाऊं देतें आणि संदेशाला अडवितें. भारतांतील उच्च दाबाच्या वाहिन्यांवरहि ही पद्धति अनेक दशकें वापरांत राहिली, आणि पुष्कळ उपकेंद्रांच्या आवारांत तीं वेटोळीं आजहि टांगलेलीं दिसतात. येथेंहि खरखर होतीच. उच्च दाबाच्या तारेभोंवतींची हवा फाटून ती सूं सूं करते. पाऊस आणि धुकें असतांना तर तो आवाज जमिनीवरूनहि ऐकूं येतो. पण अशा वाहिनीला फांद्या थोड्या, दोन्ही टोंकें कंपनीच्याच हातीं आणि निरोपहि मोजके. म्हणून संदेशाचा जोर वाढवून काम भागलें.

दरम्यान ‘खरखर म्हणजे काय’ हा प्रश्नच शास्त्राचा विषय झाला. १९१८ मध्यें जर्मनीच्या वॉल्टर शॉट्कीनें दाखविलें कीं, विजेचा प्रवाह अखंड धार नसून सुट्या कणांचा वर्षाव असल्यामुळें पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा आवाज त्यांत असणारच. १९२८ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन्सन यानें मोजून आणि नायक्विस्ट यानें गणितानें सिद्ध केलें कीं, कोणत्याहि तारेंत केवळ तिच्या उष्णतेमुळेंच कांहीं खरखर सदैव वसते. त्याच संस्थेच्या कार्ल जान्स्कीला अटलांटिकपार दूरध्वनीला छळणारे आवाज कोठून येतात तें शोधावयास सांगितलें होतें. त्यानें जवळच्या आणि दूरच्या मेघगर्जना वेगळ्या केल्या. तरी एक मंद सुसाट शिल्लक उरला. तो आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत असल्याचें त्यानें १९३३ मध्यें जाहीर केलें, आणि रेडिओ-ज्योतिषाचा जन्म झाला.

या सर्व विचारावर कळस चढविला क्लॉड शॅननच्या १९४८ च्या निबंधानें. खरखर असली म्हणजे चुका होणारच, अशी तोंवर समजूत होती. शॅननने दाखविलें कीं, खरखर संदेशाच्या शुद्धतेला मर्यादा घालीत नाहीं. ती वेगाला मर्यादा घालते. त्या मर्यादेच्या आंत राहून शहाणपणानें सांकेतिक रचना केली, तर चुका हव्या तितक्या कमी करतां येतात. मात्र ही मर्यादा मोठी कंजूष आहे. संदेशाची शक्ति खरखरीच्या तिप्पट असेल, तर कंपनपट्ट्याच्या दर हर्ट्झमागें सेकंदास २ बिट जातात. ती पंधरापट केली, म्हणजे खर्च पांचपट झाला, तरी जातात ४. केवळ ओरडून भागत नाहीं, असा याचा अर्थ. शिवाय हें सोपें गणित एकसारख्या, संथ खरखरीचें आहे. घरांतील तारेंतली खरखर संथ कधींच नसते.

हें घरांतील तारेचें खरें रूप १९७५ नंतर ध्यानांत येऊं लागलें. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉदिस गांवच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेनें घरांतील दिवे घरच्याच तारांवरून संदेश पाठवून चालूबंद करण्याची ‘एक्स-टेन’ पद्धति काढली. तिच्यांतील युक्ति मार्मिक होती. विजेचा उलटसुलट प्रवाह दिशा पालटतांना क्षणभर शून्यावर येतो. त्या क्षणीं बहुतेक उपकरणें मुकीं असतात. नेमकी ती वेळ साधून १२० किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा झटका पाठवावयाचा, आणि खात्रीसाठीं प्रत्येक खुणेमागोमाग तिची उलट खूण पाठवावयाची. दोन मोटारींच्या मधल्या फटींत रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यासारखा हा प्रकार. वेग अर्थातच गोगलगाईचा. आणि तरीहि कधीं दिवा आपोआप लागे, तर कधीं दूरदर्शन संचानें मध्येंच संदेश गिळून टाकल्यामुळें कितीहि वेळां कळ दाबली तरी लागतच नसे.

या खरखरीची पद्धतशीर वर्गवारी मॅनफ्रेड झिमरमन आणि क्लाउस डोस्टर्ट या दोन जर्मन संशोधकांनीं २००२ मध्यें मांडली. त्यांनीं पांच जाती सांगितल्या. पहिली सदैव चालणारी पार्श्वभूमीची खरखर. वरच्या कंपनांकडे जावें तशी ती मंदावते. दुसरी तारांनीं आकाशांतून ओढून घेतलेल्या रेडिओकेंद्रांची. तिसरी विजेच्या प्रवाहाशीं ताल न राखणाऱ्या नियमित ठोक्यांची. संगणक आदि उपकरणांना वीज पुरविणाऱ्या नव्या धर्तीच्या पेट्या ती उत्पन्न करतात. चौथी प्रवाहाच्या तालावर, सेकंदास ५० किंवा १०० वेळां उठणारी. दिव्याचा उजेड कमीजास्त करणारीं बटणें हा तिचा एक उगम. आणि पांचवी, सर्वांत द्वाड, ती कोणी बटण दाबल्यावर उठणाऱ्या अवचित फटकाऱ्यांची. असा फटकारा कांहीं मायक्रोसेकंदांपासून कांहीं मिलिसेकंदांपर्यंत टिकतो, आणि त्याचा जोर पार्श्वभूमीच्या लाखपटींहूनहि अधिक असूं शकतो. निवेदकाच्या शब्दांवर ओरखडा काढणारें पंख्याचें बटण तें हेंच. भरींत भर म्हणून घरांतील तारेला फांद्या अनेक. प्रत्येक टोंकावरून प्रतिध्वनि परत येतो, आणि कोणी इस्त्री लावली कीं सगळा नकाशाच पालटतो.

इंटरनेटचें युग आलें तेव्हां याच तारेवर पुन्हां मोठी आशा बसली. ऑक्टोबर १९९७ मध्यें इंग्लंडांतील नॉरवेब ही वीज कंपनी आणि कॅनडाची नॉर्टेल यांनीं घोषणा केली कीं, विजेच्या तारेवरून सेकंदास दहा लक्षांहून अधिक बिट घरांत पोंचवितां येतील. मँचेस्टर येथें चांचण्या झाल्या. जेथें वीज आहे तेथें ज्ञान पोंचेल, हा विचार खरोखर भव्य होता. खेड्यांतील शाळा आणि दवाखाने यांना त्यांत आशा होती. परंतु १९९९ मध्यें ही योजना सोडून देण्यांत आली. व्यापारी गणित हें एक कारण होतेंच. पण तांत्रिक दोष असा कीं, तोल नसलेल्या त्या तारा संदेश आंत ठेवीनात, आकाशांत सांडूं लागल्या. रस्त्यावरील दिव्यांचे खांब एरियलसारखे लहरी फेकीत असल्याची तक्रार झाली.

येथें खेळ उलटला. आजवर इतरांच्या खरखरीनें गांजलेली ही तार आतां स्वतःच दुसऱ्यांची खरखर बनली. जगांतील हौशी रेडिओचालक, म्हणजे पूर-भूकंपांत इतर साधनें तुटलीं असतांना क्षीण लहरींवरून निरोप पोंचविणारे लोक, नेमक्या त्याच कंपनपट्ट्यांत ऐकत असतात. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें २००४ मध्यें या तारांना परवानगी देणारे नियम केले, तेव्हां हौशी रेडिओचालकांच्या संघानें न्यायालय गांठलें. आणि आयोगानें आपल्याच तज्ज्ञांच्या अभ्यासांतील कांहीं भाग दडवून ठेवला, हें अयोग्य होय, असा निकाल २००८ मध्यें न्यायालयानें दिला. व्हर्जिनियांतील मनॅसस या गांवानें २००५ पासून सर्व नागरिकांना अशी सेवा दिली होती. २०१० मध्यें तीहि बंद पडली. एकीकडे दूरच्या घराला जगाशीं जोडण्याची आस, दुसरीकडे संकटसमयींचा क्षीण आवाज ऐकूं यावा हा आग्रह. दोन्ही पक्षांची बाजू पोकळ नव्हती, म्हणूनच हा तंटा लवकर मिटला नाहीं.

तो मिटण्याची वाट निघाली ती संयमांतून. संदेशाचा एकच जोरदार लोंढा सोडण्याऐवजीं त्याच्या शेंकडों बारीक धारा करावयाच्या, प्रत्येक धारेची वाट आधीं तपासावयाची, आणि जेथें खरखर अधिक तेथें थोडें बोलावयाचें किंवा गप्प राहावयाचें, अशी ही नवी पद्धति. शब्द इतस्ततः पेरून आणि जादा खुणा जोडून पाठविले, म्हणजे एखाद्या फटकाऱ्यानें कांहीं पुसले तरी उरलेल्यांवरून ते जुळवितां येतात. २००५ च्या ‘होमप्लग ए-व्ही’ या प्रमाणपद्धतींत अशा ११५५ धारा आहेत. त्यांपैकीं अमेरिकेंत वापरावयाच्या ९१७ च. उरलेल्या २३८ धारा मुख्यतः हौशी रेडिओचालकांच्या पट्ट्यांसाठीं मुक्या ठेविल्या आहेत. घरांतल्या घरांत एका खोलींतून दुसऱ्या खोलींत संदेश नेण्यास ही पद्धति चांगली उपयोगी पडली.

आणि घराबाहेर या तारेला खरें यश मिळालें तें भव्य स्वप्नांत नव्हे, तर एका साध्या कामांत. इटलीच्या वीज कंपनीनें २००१ पासून तीन कोटींहून अधिक घरांत असे मीटर बसविले, कीं जे वापरलेल्या विजेचा आंकडा त्याच तारेवरून स्वतः कळवितात. फ्रान्सनेंहि २०१५ पासून हाच मार्ग धरला. आंकडा लहान, घाई नाहीं; एकदां खरखरींत बुडाला तर पुन्हां पाठवावा. शॅननचा कंजूष नियम येथें कोणास जाचत नाहीं. तरी येथेंहि सावध राहावें लागतेंच. छपरावरील सूर्यपट्ट्यांची वीज घरास योग्य करून देणारीं यंत्रें याच मंद पट्ट्यांत नवी खरखर मिसळतात, आणि मीटरचा आवाज कधीं कधीं तींत हरवतो. १८५९ मध्यें सूर्याचें वादळ तारेंत शिरलें होतें. आतां सूर्याची वीज छपरावरून उतरतांना आपली कुरकुर बरोबर आणते.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची धांवली. जिच्या धास्तीनें चुंबकसूची खाडीपलीकडे गेली ती निघून गेली; तरी सूची कुलाब्यास परतली नाहीं, कारण तोंवर मुंबईच्या घरोघरीं पंखे, दिवे आणि यंत्रें यांची वीज ट्रामहून कितीतरी पटीनें वाढली होती. अलिबागच्या त्या पोरबंदरी दगडाच्या इमारतीच्या आवारांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध आजहि घेतले जातात, आणि सूर्यावर वादळ उठलें म्हणजे त्याची नोंद तेथें होते.